युजरचं मार्कडाउन स्क्रीनवर दाखवायच्या आधी एवढं तपासाच

मार्कडाउन म्हणजे तारका, कंस अशा साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत, आणि युजरने त्यातून कोड घुसवला तर तो बाकीच्यांच्या ब्राउझरमध्ये चालतो. म्हणून सगळ्यात आधी तुमची लायब्ररी, म्हणजे मार्कडाउनचं एचटीएमएल बनवणारा तयार कोड, कच्च्या एचटीएमएलचं काय करते ते बघा, कारण २००४ मध्ये जॉन ग्रुबरने मार्कडाउन आणलं तेव्हापासूनच त्यात मधेच एचटीएमएल लिहायची मुभा आहे, म्हणजे कोणी स्क्रिप्ट टॅग टाकला आणि तो जसाच्या तसा बाहेर पडला तर लायब्ररीचं काहीच चुकलेलं नाही. मार्कडाउन-इट या लायब्ररीत हे डिफॉल्ट बंद असतं, बंदच राहू द्या. मार्क्ड ही लायब्ररी वापरत असाल तर नीट ऐका, त्यातला जुना सॅनिटाइझ (धोकादायक भाग गाळायचा) ऑप्शन कधीच काढून टाकलाय, जुन्या ट्युटोरियलमधून उचललेली ती सेटिंग आता काहीही करत नाही.

मग लिंक. इथेच सगळे गाफील राहतात. एचटीएमएल बंद केलं तरी साधी मार्कडाउनची लिंक असतेच की, पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्ट आणि कोलन लिहिलं आणि कोणी क्लिक केलं की कोड चालला. तो शब्द शोधून गाळायच्या फंदात पडू नका, २००५ मध्ये मायस्पेस ही सोशल साइट तेच करत होती, सॅमी कामकर या प्रोग्रामरने शब्दाच्या मधे नवीन ओळ घालून तो तोडला, फिल्टरला दिसला नाही पण ब्राउझरने जोडून वाचला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांवर प्रोफाइलना त्याच्या आपोआप पसरणाऱ्या कोडची लागण झाली. त्यामुळे पत्ता पार्स करा, म्हणजे त्याचे भाग वेगळे करून वाचा, आणि फक्त एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू एवढेच चालू द्या, बाकी सगळं बाद.

टॅगचंही तसंच. स्क्रिप्ट, आयफ्रेम अडवले तरी इमेज टॅगवरचा ऑनएरर (चित्र लोड झालं नाही की चालणारा कोड) पुरेसा असतो, म्हणून परवानगी असलेल्यांचीच यादी ठेवा. डीओएमप्युरिफाय हा सॅनिटायझर वापरा, सर्व्हरवर जेएसडॉमसोबत (ब्राउझरची नक्कल करणारी लायब्ररी), दोन्ही अपडेटेड. आणि प्लीज, तो मार्कडाउनवर नाही, तयार झालेल्या एचटीएमएलवर चालवा आणि अगदी शेवटी चालवा! त्यानंतर इमोजी बदलणं, मेन्शनच्या लिंक करणं, सर्च केलेला शब्द रंगवणं, असलं काहीही स्ट्रिंग जोडून करायचं नाही, माझ्या मते सगळ्यात जास्त भोकं इथेच पडतात.

सीएसपी (कोणता कोड चालू द्यायचा ते ब्राउझरला सांगणारे नियम) लावा, इनलाइन म्हणजे पानातच लिहिलेल्या स्क्रिप्ट बंद, सेशन कुकीला एचटीटीपीओन्ली, म्हणजे स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. हा दुसरा बंदोबस्त झाला, पहिल्याच्या बदल्यात नाही.

डेटाबेसमध्ये मूळ मार्कडाउनच साठवा. रेंडर केलेलं एचटीएमएल कॅशमध्ये असेल तर सॅनिटायझर अपडेट केला की ते सगळं पुसून परत बनवा, नाहीतर जुन्या फिल्टरमधून सुटलेलं तसंच दिसत राहील.