सड्यावरचं कातळशिल्प: ओळखायचं कसं, मोजायचं कसं, नोंदवायचं कसं

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे तांबड्या दगडाच्या उघड्या पठारांवर, हत्ती, गेंडे, वाघ, मासे, पाकट आणि माणसं कोरलेली आहेत. त्यांच्या जोडीला आहेत अजून कोणालाही अर्थ न लागलेल्या भौमितिक चौकटी. ही चित्रं कोणी कोरली, का कोरली आणि नेमकी कधी कोरली, यातल्या एकाही प्रश्नाचं पक्कं उत्तर नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती 18 मीटर बाय 13 मीटर आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची गर्दी आहे. गेंडा आज कोकणात नाही, पण कातळावर आहे. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकणातली आठ आणि गोव्यातलं कुशावती नदीकाठचं एक ठिकाण गेलं. त्या यादीबाहेरच्या बऱ्याच चित्रांची मात्र नीट मापंसुद्धा झालेली नाहीत. तुमच्या गावच्या सड्यावर असं काही दिसलं तर ते न बिघडवता कसं नोंदवायचं, ते पुढे दिलं आहे.

कधी जायचं

पावसाळ्यात सड्यावर पाणी आणि शेवाळ असतं, दिवाळीपर्यंत गवत उभं असतं. डिसेंबर ते मे हा कामाचा काळ. पहिल्या पावसाची एक सर पडून उघडीप झाली की एक चांगली संधी मिळते. सपाट कातळ वाऱ्याने लगेच सुकतो, खोदलेल्या रेषेत मात्र पाणी साचून राहतं, आणि एरवी नजरेतून सुटणारं चित्र आपोआप आखलेलं दिसतं.

पायांत घोट्याच्या वर जाणारे बूट हवेतच. सड्यावर फुरसं असतं आणि ते जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. भोकात किंवा सैल दगडाखाली हात घालू नका.

जाण्याआधी गावात विचारा. जमीन कोणाची आहे ते पाहून मालकाची परवानगी घ्या, आणि त्या सड्यावर गुरं चारणाऱ्या माणसाला सोबत न्या. त्याच्याकडून जागेचं स्थानिक नाव जसंच्या तसं लिहून घ्या. सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या जागेला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बाहुल्यांचं टेंब’ म्हणत आले (टेंब म्हणजे टेकाड). नावातच पत्ता होता.

रेघ माणसाची की निसर्गाची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जांभ्यात मुळातच नळ्या आणि पोकळ्या असतात, पाण्याने झिजून खळगे पडतात, वाळलेल्या मुळांच्या खाचा उरतात. शिवाय जुन्या बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे दगड, काढतानाच्या खुणा असतात.

कोरलेली रेघ बरंच अंतर सारख्याच रुंदीने चालते. वळणावरही तिच्या दोन्ही कडा एकमेकींना सोडत नाहीत. नैसर्गिक खाच फाटे फोडते, मध्येच रुंदावते, मध्येच जिरते. चिरेखाणीची खूण सरळ आणि समांतर असते, ओळींमधलं अंतर सारखं असतं.

मग रेषेच्या आतला रंग बघा. ताज्या जखमेत जांभा तांबडा-पिवळा दिसतो. जुनी रेघ आतूनही बाहेरच्या कातळाइतकीच काळपट असते, आणि दगडफूल आतून बाहेर सलग पसरलेलं असतं. आत तांबडं आणि बाहेर काळं दिसलं तर रेघ अलीकडे कोणीतरी मारली आहे किंवा जुनीच पुन्हा कोरून ‘उजळली’ आहे. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण त्यात मूळ हत्याराची खूण कायमची गेली. काही चित्रांत रेघ खोदलेली नसते. आजूबाजूचा कातळ उतरवून आकृती उठावात ठेवलेली असते. तिथे रेघ शोधत बसाल तर चित्र चुकेल, पातळीतला फरक शोधा.

स्वच्छता

तीन-चार इंची मऊ रंगाचा ब्रश घ्या आणि फक्त सुकी पानं व सुटी धूळ सारा. तारेचा ब्रश, खराटा, खुरपं, ॲसिड यांतलं काहीही नको. दगडफूल खरवडू नका. रेषेत घट्ट बसलेली माती तशीच राहू द्या, पुढे एखाद्या अभ्यासकाला तीच उपयोगी पडू शकते.

चुना, खडू, रांगोळी आणि रंग यांना पूर्ण बंदी. फोटोत चित्र उठून दिसावं म्हणून रेषेत पांढरं भरायची सवय फार पसरली आहे आणि तिने दुहेरी नुकसान होतं. जांभा सच्छिद्र आहे, भुकटी आत शिरते आणि पुन्हा निघत नाही. दुसरं असं की भरणारा माणूस स्वतःला वाटलेली रेघ भरतो. तो फोटो चार ठिकाणी फिरला की तीच आकृती खरी मानली जाते, आणि जी रेघ त्याला दिसली नव्हती ती कोणालाच दिसत नाही.

पांढऱ्याऐवजी तिरका उजेड

दोन सेंटिमीटर खोल रेषेवर सूर्य 45 अंशांवर असताना सावली दोनच सेंटिमीटर पडते. सूर्य 10 अंशांवर असेल तर तीच सावली 11 सेंटिमीटरच्या वर जाते आणि रेघ काठोकाठ काळी होते. म्हणून उगवतीनंतरचा आणि मावळतीआधीचा पाऊण ते एक तास एवढीच खरी वेळ. दुपारी बारा वाजता ‘इथे काही नाही’ म्हणून परतलेले पुष्कळ आहेत.

यात एक गोम आहे. उजेडाच्या दिशेनेच जाणाऱ्या रेषेला सावली पडत नाही. सकाळचा सूर्य पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम रेषा हरवतात, आणि संध्याकाळीही त्याच हरवतात. हत्ती डोकं पूर्वेला करून कोरलेला असेल तर पाय स्पष्ट दिसतील, पण पाठीची आणि पोटाची रेघ गायब. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि मेमध्ये ईशान्येकडे, म्हणून एकाच कातळावर त्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या रेषा वर येतात. जमलं तर दोन्ही वेळा जा.

राहिलेल्या रेषांसाठी रात्री टॉर्च लावा. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ 100 ते 200, छिद्र (ॲपर्चर) एफ-8, उघडझाप (शटर) 10 ते 15 सेकंद. टॉर्च रेषेपासून 3 मीटर दूर, कातळापासून 25 सेंटिमीटर उंचीवर धरा. एकदा उत्तरेकडून, एकदा दक्षिणेकडून, मग मधल्या दिशांनी, असे आठ फोटो घ्या. प्रत्येक फोटोचा क्रमांक आणि उजेडाची दिशा तिथल्या तिथे वहीत लिहा. घरी आल्यावर ते आठवत नाही.

मापं

लागणारं सामान: 30 मीटरची फीत, 3 मीटरची फीत, नायलॉनची दोरी, वाळू भरलेल्या एक लिटरच्या दहा-बारा बाटल्या, आलेख कागद, पेन्सिल आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मापपट्टी. कातळात खिळा ठोकायचा नाही. दोरी ताणून ती बाटल्यांना बांधायची.

चित्राच्या बाहेरून एक सरळ आधाररेषा घ्या. काटकोनासाठी एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4 मीटर मोजा, टोकांमधलं अंतर बरोबर 5 मीटर आलं पाहिजे. मग एक-एक मीटरच्या चौकटी पाडा. दर काही चौकटींनंतर कर्ण तपासा: एक मीटरच्या चौकोनाचा कर्ण 1 मीटर 41 सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोरी सरकली आहे. पुढे रेटू नका, परत ताणा. ही चूक शेवटच्या चौकटीपर्यंत साठत जाते आणि प्राण्याचा पाय अर्धा फूट लांब होतो.

लहान आकृती 1:10 प्रमाणात काढा, म्हणजे एक मीटरला 10 सेंटिमीटर. मोठ्यांना 1:50 लागतं. कशेळीचा हत्ती त्या प्रमाणात 36 बाय 26 सेंटिमीटर होतो आणि ए-3 कागदावर बसतो.

काढताना तीन प्रकारच्या रेषा वापरा. खात्रीची रेघ अखंड, शंकेची तुटक, आणि झिजून गेलेली पण असावीशी वाटणारी ठिपक्यांची. तुटलेलं चित्र डोळा स्वतःहून पुरं करतो, ठिपके त्याला आवर घालतात. प्रत्येक मुख्य रेषेची रुंदी आणि खोली किमान पाच जागी मोजा.

उत्तर दिशा आणि होकायंत्र

देवाचे गोठणे इथे कोरलेल्या माणसाच्या आकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि वीज पडलेल्या खडकातही चुंबकत्व उतरतं. त्यामुळे सुई फिरली म्हणून लगेच प्राचीन विद्येचे निष्कर्ष काढायचे नाहीत. मात्र ती नोंद मोलाची आहे. होकायंत्र कमरेच्या उंचीवर धरून वाचा, मग त्याच जागी कातळावर ठेवून वाचा, दर मीटरला फरक लिहा. मोबाइल, चाकू, किल्ल्या दूर ठेवा.

दिशा मात्र सावलीवरून ठरवा. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खडा ठेवा आणि काठीभोवती त्याच त्रिज्येत दोरी फिरवून खड्यांचं वर्तुळ मांडा. दुपारनंतर सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल तिथे दुसरा खडा. दोन खड्यांच्या बरोबर मधला बिंदू आणि काठीचं मूळ जोडणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. रत्नागिरीत सूर्य घड्याळाच्या बाराला डोक्यावर येत नाही, वर्षातले बहुतेक दिवस साडेबाराच्या पुढे येतो, कारण भारतीय प्रमाणवेळेची रेषा इथून नऊ अंशांहून जास्त पूर्वेला आहे. मेच्या पूर्वार्धात इथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवसांत मधला बिंदू काठीच्या मुळाला जवळजवळ चिकटतो, म्हणून दोन खडे जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम धरा. भर दुपारची सावली तर इतकी आखूड असते की तिच्यावरून दिशा काढू नये.

त्रिमितीसाठी फोटो

एकमेकांवर चढणारे पुष्कळ फोटो जोडून संगणक चित्राचं त्रिमितीय रूप उभं करतो. इथे तिरका उजेड उलट त्रास देतो, सरकत्या सावल्यांनी संगणक गोंधळतो. ढगाळ सकाळ किंवा उगवतीआधीचा पसरलेला उजेड घ्या. कॅमेरा दोन-अडीच मीटर काठीवर, भिंग खाली, झूम न हलवता, समांतर रांगांनी चाला. प्रत्येक फोटो आधीच्यावर 70 ते 80 टक्के चढला पाहिजे. चारही कोपऱ्यांत मापपट्टी ठेवा. ड्रोन उडवायचा तर नागरी विमान वाहतूक खात्याच्या नकाशावर तो भाग कोणत्या रंगात आहे ते आधी बघा. रत्नागिरीजवळ तटरक्षक दलाचा विमानतळ आहे.

नाव शेवटी द्या

वहीत ‘गेंडा’ लिहू नका. ‘चार पाय, खांद्याशी उंचवटा, नाकावर एक टोक, शेपूट खाली’ असं लिहा. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे आणि त्याची तुलना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरच्या तशाच दृश्याशी होते. ती तुलना तपासायची तर माणसाचे हात नेमके कुठे टेकतात, हे मापातून कळायला हवं. तुम्ही आधीच ‘हडप्पा’ लिहून ठेवलंत तर हातही तसेच काढले जातील.

वयाचंही तेच. दगड कार्बन पद्धतीने मोजता येत नाही, त्यासाठी कोळसा किंवा हाडासारखं सेंद्रिय काही लागतं, आणि उघड्या सड्यावर ते टिकत नाही. चित्रांत शेतीची दृश्यं नाहीत, यावरून ती शिकारी-संकलकांची असावीत असा तर्क आहे. जवळ दगडी हत्यारासारखा तुकडा दिसला तर मापपट्टी ठेवून फोटो घ्या, चित्रापासूनचं अंतर लिहा आणि तो तिथेच राहू द्या. खिशात टाकलेल्या तुकड्याचा चित्राशी संबंध पुन्हा कधीच सिद्ध करता येत नाही.

कळवायचं कोणाला

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पत्रात गाव, वाडी, तालुका, सात-बारावरचा गट नंबर, अक्षांश-रेखांश, आकृत्यांची संख्या, सगळ्यात मोठीची मापं आणि धोका काय आहे ते लिहा: चिरेखाण किती मीटरवर आहे, नवा रस्ता आखला आहे का, वणवा लागतो का. अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश पुरे, पाचवा दशांश म्हणजेच सुमारे एक मीटर आणि फोनची चूक त्याहून मोठी असते. ग्रामपंचायतीला एक प्रत द्या.

समाजमाध्यमांवर फोटो टाकायचा असेल तर आधी त्यातली जागेची माहिती काढून टाका. सड्यावर राखणदार नसतो. निघताना दोऱ्या, बाटल्या आणि खड्यांचं वर्तुळ उचला, नाहीतर पुढच्या वर्षी येणारा ते वर्तुळही चित्रात धरेल.