छोट्या कॅम्पर ट्रेलरचे फ्लोअरिंग कसे बदलावे

मोटारीमागे जोडून ओढायच्या छोट्या कॅम्पर ट्रेलरमध्ये पाऊल टाकताच दाराजवळची जमीन किंचित दबत असेल, तर फ्लोअरिंगचे नमुने पाहायला दुकानात जाण्याची घाई करू नये. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण एरवी संशयाने म्हणतो. ट्रेलरच्या बाबतीत ते अक्षरशः खरे निघते. अमेरिकेतले जुने, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ट्रेलर बहुतेक एकाच पद्धतीने बांधलेले असतात. पोलादी चौकटीवर प्लायवुडचा तळ, त्या तळावर उभ्या केलेल्या भिंती आणि वर छत अशी ती रचना असते, त्यामुळे छताच्या सांध्यातून शिरलेले पाणी भिंतीच्या पोटातून उतरत शेवटी प्लायवुडच्या कडेला येऊन थांबते. मिशिगनमध्ये मी १६ फुटी जुना ट्रेलर घेतला, तेव्हा आधीच्या मालकाने मूळ लिनोलियमवरच नवे चकचकीत व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे फ्लोअरिंग, चिकटवून ठेवले होते. ते उचलल्यावर कोपऱ्यातले प्लायवुड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे हातात आले.

पाण्याचा शोध

म्हणून पहिला दिवस केवळ तपासणीसाठी ठेवावा. दाभण किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीलगत दर हातभर अंतरावर तळात टोचून पाहावे. निरोगी प्लायवुड टोकाला विरोध करते, कुजलेले मुकाट्याने आत घेते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ओलावा मोजण्याचा साधा मीटर असेल तर काम अधिक नेमके होते. १२ ते १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा चिंतेचा नाही. २० टक्क्यांच्या वर गेल्यास पाणी आजही येत आहे असे समजावे, कारण लाकूड तसेच ओले राहिले तर त्यात बुरशी धरते. कोपरे, चाकांवरची कमान, खिडक्यांखालचा भाग, दाराचा उंबरा आणि मागच्या बंपरलगतची कड या जागा दोनदा तपासाव्यात. छताच्या कडेचे छोटे दिवेही विसरू नयेत, कारण त्यांच्या स्क्रूंच्या छिद्रांतून येणारे पाणी दिव्यापासून बरेच दूर, भलत्याच ठिकाणी जमिनीवर प्रकट होते.

गळतीची जागा सापडल्यावर तिथली पट्टी किंवा खिडकी पूर्ण काढावी, जुना वाळलेला चिकटा खरवडून टाकावा आणि नवी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी रबरी चिकटपट्टी) लावून पुन्हा बसवावी. बाहेरून सिलिकोन फासून भागत नाही. सिलिकोन सुटते आणि पुढे त्याच्यावर दुसरे काही चिकटतही नाही. त्यानंतर एखादा चांगला पाऊस जाऊ द्यावा किंवा बागेच्या नळीने अर्धा तास पाणी मारावे, आणि मगच जमिनीच्या कामाला हात घालावा.

वजनाचा हिशेब

घरातल्या फ्लोअरिंगचे वजन कोणी विचारत नाही, ट्रेलरमध्ये मात्र तोच पहिला प्रश्न असतो. छोट्या ट्रेलरला बहुधा एकच आस असतो आणि त्याची क्षमता अनेकदा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो असते. ट्रेलरने भरल्यावर जास्तीत जास्त किती वजन गाठावे, हा आकडा बाहेरच्या अंगाला, पुढच्या डाव्या बाजूच्या स्टिकरवर छापलेला असतो. त्यातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केल्यावर उरते तेवढ्यातच पाणी, गॅसची टाकी, भांडी, कपडे आणि नवे फ्लोअरिंग बसवायचे असते.

माझ्या ट्रेलरमध्ये कपाटे व पलंग सोडून उघडी जमीन ४५ चौरस फूट, म्हणजे जेमतेम सव्वाचार चौरस मीटर होती. एवढ्या जागेत ८ मिलिमीटरची सिरॅमिक टाइल चिकट्यासह सुमारे ९० किलो भरते. शिवाय रस्त्यावरच्या हिसक्यांनी तिचे सांधे उकलतात ते वेगळेच. दगडी भुकटी मिसळलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या ५ मिलिमीटरच्या व्हिनाइल फळ्या सुमारे ४२ किलो होतात. गुंडाळीत मिळणारे २ मिलिमीटरचे अखंड व्हिनाइल ११ किलोंच्या आसपास आटोपते. लॅमिनेटचा विचार करू नये, कारण त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्शाचा असतो आणि एकदा पाणी प्याला की फुगलेला पुन्हा बसत नाही.

वजनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा तापमानाचा आहे. उन्हात बंद करून ठेवलेला ट्रेलर आतून सहज ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि मिशिगनच्या जानेवारीत तोच ट्रेलर उणे १५ अंशांवर उभा असतो. साध्या पीव्हीसीची, म्हणजे व्हिनाइलच्याच प्लास्टिकची, ३ मीटर लांब पट्टी एवढ्या फरकात सुमारे सेंटीमीटरभर लांब-आखूड होते. दगडी भुकटीच्या फळ्या त्याहून कमी हलतात, पण हलतात. एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांचे फ्लोअरिंग तळाला न चिकटता तरंगते राहावे अशीच त्याची योजना असते, म्हणून त्यावर कपाट ठेवून स्क्रू मारला की ते एका जागी खिळते आणि दुसऱ्या जागी उसळते. पहिल्या प्रयत्नात मी नेमके हेच केले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाराजवळ फळ्यांचा असा उंचवटा आला की दार उघडून आत येणारा प्रत्येक पाहुणा त्याला ठेचकाळत असे. छोट्या ट्रेलरसाठी आता मी अखंड व्हिनाइलच सुचवतो. त्यात सांधा नसतो, म्हणून वरून सांडलेले पाणी खाली उतरायला वाट सापडत नाही.

जुने फ्लोअरिंग काढताना

ट्रेलर १९८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असेल, तर जुने व्हिनाइल किंवा त्याखालचा काळा चिकटा खरवडण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, कारण त्या काळातल्या फ्लोअरिंगमध्ये ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज असू शकते. ते निघाले तर घासू नये, फोडू नये आणि झाडूही नये. ते काढण्याचे काम त्यातल्या परवानाधारक माणसांकडे सोपवावे.

ही शंका नसेल तर गॅसची टाकी बंद करून बॅटरी सोडवावी, टेबलाचा पाय जमिनीतल्या ज्या खोबणीत उभा राहतो ती धातूची वाटी काढून घ्यावी आणि गरम हवेची जमिनीतली जाळीही उचलावी. दोन्हींच्या जागांचे फोटो काढून ठेवावेत. व्हिनाइल हातभर रुंदीच्या पट्ट्यांत कापून ओढले की भराभर निघते. वेळ जातो तो ते ठोकून ठेवणाऱ्या तारेच्या पिना उपटण्यात. एकही मागे राहिली तर वर्षभरात तिचे टोक नव्या व्हिनाइलमधून वर डोकावते. कपाटे काढावीत का, याला माझे उत्तर नाही असे आहे. अनेक ट्रेलरमध्ये कपाटे भिंतींना आणि भिंती छताला आधार देत असतात, म्हणून खालचे प्लायवुड कुजलेले नसेल तर त्यांना धक्का लावू नये आणि फ्लोअरिंग त्यांच्या कडेपर्यंतच आणावे.

तळाची दुरुस्ती

हे काम जितके नीट होईल तितके पुढचे सगळे सोपे जाते. कुजलेला भाग दिसेल तेवढाच कापू नये. निरोगी लाकूड लागल्यावरही चार बोटे पुढे जावे आणि शक्यतो चौकटीच्या आडव्या पोलादी पट्टीच्या मध्यावर छेद घ्यावा, म्हणजे जुन्या व नव्या दोन्ही तुकड्यांना तिचा आधार मिळतो. वर्तुळाकार करवतीचे पाते प्लायवुडच्या जाडीइतकेच खाली ठेवावे. खालच्या बाजूला ब्रेकची तार, दिव्यांच्या वायरी, गॅसची नळी आणि सांडपाण्याची टाकी असते, म्हणून करवत लावण्यापूर्वी ट्रेलरखाली झोपून बॅटरीच्या उजेडात ती सगळी वाट पाहून घ्यावी आणि वरच्या बाजूस खडूने आखावी. स्क्रूच्या लांबीलाही हाच नियम लागू आहे.

नव्या तुकड्यासाठी बाहेरच्या वापराचे किंवा मरीन प्लायवुड, जुन्याच जाडीचे घ्यावे. कीड-कुजीपासून वाचवण्यासाठी दाबाखाली रसायन भरलेले लाकूड मोहक वाटते, पण त्यातल्या तांब्याच्या संयुगांमुळे ॲल्युमिनियम आणि साधे पोलाद गंजते, तेव्हा ते टाळलेले बरे. प्लायवुडमधल्या चिकट्यातून फॉर्माल्डिहाइड हा वायू सुटतो, म्हणून त्यावरच्या अमेरिकन नियमांचा ‘टीएससीए टायटल सिक्स’ हा शिक्का प्लायवुडवर पाहून घ्यावा. २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलरमध्ये या वायूचे प्रमाण घातक आढळले, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि २०१० मध्ये अमेरिकेने प्लायवुडसारख्या लाकडी फळ्यांतून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडवर मर्यादा घालणारा कायदा केला. छोट्या बंद जागेत झोपायचे असल्यामुळे हा शिक्का ट्रेलरवाल्यांसाठी इतरांपेक्षा अधिक मोलाचा आहे.

तुकडा बसवण्यापूर्वी त्याच्या खालच्या अंगाला आणि चारही कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. पाणी प्लायवुडच्या तोंडावरून क्वचित शिरते. ते कडेतून शिरते, आणि कारखान्यात नेमकी तीच कड उघडी सोडलेली असते. इपॉक्सी सुकल्यावर पोलादी पट्टीवर पॉलियुरेथेन चिकट्याची रेघ ओढून तुकडा दाबावा आणि पोलादात स्वतः भोक पाडणाऱ्या स्क्रूंनी आवळावा. जिथे खाली पट्टी येत नाही तिथे जुन्या प्लायवुडच्या कडेखाली लाकडी पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी स्क्रूने धरून नव्या तुकड्याला बैठक करून द्यावी. मग सांधे आणि स्क्रूंची डोकी लवचीक लांबीने, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याने, भरावीत. सिमेंटची लांबी घरात उत्तम चालते, पण ट्रेलर पहिल्याच खड्ड्यातून गेला की तिच्यात केसासारख्या चिरा पडतात. लांबी सुकल्यावर घासून, हाताच्या तळव्याने सगळी जमीन चाचपावी. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो, आणि व्हिनाइलवर तो पुढे रोज दिसतो.

कागदी साचा

ट्रेलरमध्ये काटकोन शोधून सापडत नाही. गुण्या लावून पाहिले तर भिंत आणि कपाट यांच्यात प्रत्येक ठिकाणी दोन-चार मिलिमीटरचा फरक निघतो, म्हणून मापे लिहून व्हिनाइल कापण्याऐवजी तपकिरी जाड कागदाचा साचा करावा. कागद भिंतीपासून बोटभर अलीकडे ठेवावा. त्यात मधून मधून छोट्या त्रिकोणी खिडक्या कापून त्यांवरून चिकटपट्टी जमिनीला लावावी, म्हणजे कागद हलत नाही. कडेशी कागदाचे छोटे तुकडे भिंतीला टेकवून मुख्य कागदावर चिकटवत जावे. चाकाची कमान आणि दाराची चौकट या दोनच ठिकाणी खरा वेळ जातो. मला तिथे अख्खी दुपार लागली आणि त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण कागद चुकला तर दुसरा मिळतो.

तोपर्यंत व्हिनाइल उलगडून दोन दिवस १८ ते २७ अंशांच्या खोलीत पसरून ठेवावे, म्हणजे गुंडाळीचा बाक जातो. साचा व्हिनाइलच्या वरच्या अंगावर ठेवूनच आखावे. मागच्या अंगावर आखल्यास सगळा आकार आरशातल्यासारखा उलटा होतो, आणि ही चूक करणारे माझ्या माहितीत एकापेक्षा जास्त आहेत. कड सगळीकडून २ सेंटीमीटर जादा ठेवून कापावे आणि ट्रेलरमध्ये बसवल्यावर धारदार पात्याने ती उतरवावी.

चिकटवणे आणि कडा

व्हिनाइलचा अर्धा भाग मागे दुमडून उघड्या जमिनीवर, उत्पादकाने सांगितलेल्या दातांच्या थापीने चिकटा पसरावा. दाबाने धरणारा चिकटा असेल तर तो पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत थांबावे. मग व्हिनाइल मधून कडेकडे बसवत हवा बाहेर काढावी आणि दुसऱ्या अर्ध्याचे तसेच करावे. भाड्याने मिळणारा १०० पौंडांचा रूळ ट्रेलरच्या बोळात वळत नाही. छोटा हातरूळ वापरावा. माझ्याकडे तो नव्हता, तेव्हा पोळ्यांचे जुने लाटणे फडक्यात गुंडाळून वापरले आणि एकही फुगा राहिला नाही. काम चालू असताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ज्योत पेटवू नये.

भिंतीलगत ३ मिलिमीटरची फट सोडून ती लाकडी बीडिंगने झाकावी. बीडिंगचे खिळे भिंतीत मारावेत, जमिनीत मारू नयेत. दाराच्या उंबऱ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवण्याआधी तिच्याखाली सीलंटची अखंड रेघ घालावी, कारण ओले बूट तिथेच थांबतात. टेबलाच्या पायाची वाटी बसवताना तिच्या काठाखालीही सीलंट द्यावे आणि स्क्रूची छिद्रे इपॉक्सीने भिजवून घ्यावीत.

सगळे सामान परत भरल्यावर ट्रक थांबतात त्या ठिकाणच्या वजनकाट्यावर ट्रेलर एकदा नेऊन यावा. ट्रेलर मोटारीला जिथे अडकतो त्या जोडावर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. फ्लोअरिंगचे वजन मागच्या बाजूला वाढले असेल तर तो कमी भरतो आणि हमरस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. उरलेले व्हिनाइल पलंगाखाली सपाट ठेवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर मीटर घेऊन तेच चार कोपरे, भिंतीलगतचे बीडिंग आणि पलंगाखालचे उघडे प्लायवुड पुन्हा तपासावे.