पीटीच्या तासाला मैदानावर उतरण्याआधी (आधी दम्याचा पंप, म्हणजे इन्हेलर, बघा)

मागच्या वर्षी तिसरीच्या मुलांचा तास घेताना माझी मोठी चूक झाली, म्हणून हे लिहितेय. बॉल, शिट्टी, कोन सगळं घेतलं होतं, फक्त दमा असलेल्या एका मुलीचा पंप खाली आणला नव्हता. तो दुसऱ्या मजल्यावर तिच्या दप्तरात आणि वर्गाला कुलूप. पकडापकडी संपून मुलं बसली आणि हिला खोकला सुरू झाला, मला वाटलं पळून दम लागलाय, पण मग ती खांदे उचलून श्वास घ्यायला लागली, दोन शब्दांच्या पुढे बोलता येईना. चावी शोधून पंप येईपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. ती बरी झाली. पण पंप तिथेच हवा होता.

म्हणून पहिलं काम पंप. आदल्या दिवशी यादी काढा, कुणाला दमा, कुणाला फिट येते, कुणाला कसली अ‍ॅलर्जी. पालकांना लेखी विचारा, मुलं स्वतःहून सांगत नाहीत. पंपाची एक्स्पायरी बघा, त्यात औषध शिल्लक आहे का बघा, आणि सोबत स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, औषध आधी तिच्यात जातं आणि मूल सावकाश ओढून घेतं) घ्याच, कारण लहान मुलांना दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमत नाही. डॉक्टरांनी खेळण्याआधी पंप घ्यायला सांगितला असेल तर तो १०-१५ मिनिटं आधी, म्हणजे वर्गातच. त्रास झालाच तर काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घेतलेला कागदही पंपासोबतच ठेवा. आणि दमा आहे म्हणून पोराला कडेला बसवू नका प्लीज, नीट वॉर्मअप करून तीही खेळू शकतात. फक्त पंप मैदानावर हवा.

पाणी, टोपी, बुटांच्या नाड्या, हे माहितीच आहे.

मैदान स्वतः चालून बघा, लांबून नाही. काच, खड्डा, ओली जागा. आणि शर्यत भिंतीला हात लावून संपवू नका!! मुलं वेग कमी करत नाहीत, सरळ हात पुढे करून आदळतात, मनगटं जातात. शेवटची रेघ भिंतीच्या निदान ४-५ मीटर अलीकडे आखा.

बॉल दोघांत एक तरी हवा, फोमचे असले तर उत्तम. ४० मुलं आणि एकच बॉल म्हणजे बाकीची नुसती रांगेत उभी. या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपला अर्धा तास रांगेतच जातो. 'आउट' होण्याचे खेळ पण टाळा, जे पोर हळू पळतं तेच आधी आउट होतं आणि सगळ्यात जास्त वेळ बसून राहतं, खरं तर पळायची गरज त्यालाच जास्त. आउट झालं की कडेला पाच उड्या आणि परत आत, एवढं पुरतं. गट घरूनच ठरवून न्या. कॅप्टनला निवडायला लावलं की शेवटी उरलेलं पोर मान खाली घालून उभं असतं, मी पाहिलंय.

थांबायची खूण आधी शिकवा. एक शिट्टी, जागच्या जागी पुतळा. दोन-तीनदा घोटून घ्या, मगच बॉल वाटा.

वर्गातून निघताना दारात परत एकदा, पंप घेतला? मुलाच्या दप्तरात नाही, तुमच्या कमरेच्या पाऊचमध्ये. बदली शिक्षक तास घेणार असतील तर पाऊच त्यांच्या हातात द्या, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

मग वॉर्मअप पाच-सात मिनिटं, खेळ, शेवटी हळू चालणं. एकदम बसवू नका. डोकी मोजा, सामान उचला. खोकला बऱ्याचदा पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी येतो, म्हणून पाऊच लगेच कपाटात ठेवू नका, वर्गापर्यंत सोबत जा, वर्गशिक्षकांना सांगा आणि पंप त्यांच्या हातात द्या.