लॉगनं डिस्क भरली? आधी जर्नल तपासा

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानात लिनक्सचा जुना डबा (संगणक) चालतो. ऐन सोयाबीनच्या आवकेत पावती निघेना. बघितलं तर डिस्क गच्च! हिशेबाच्या फायली एवढ्याशा. जागा खाल्ली होती लॉगनी, म्हणजे यंत्रणेनं आपोआप लिहिलेल्या नोंदींनी.

'जर्नलसीटीएल' या कमांडला 'डिस्क-युसेज' पर्याय दिला, आकडा आला 3.9 जीबी. नवल नाही. काही ठरवून दिलं नाही तर सिस्टिमडीचं (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) जर्नल, म्हणजे त्याची नोंदवही, फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत, फार तर 4 जीबीपर्यंत फुगतं.

जर्नलसीटीएललाच सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून आधी 'रोटेट' चालवा, म्हणजे चालू फाइल बंद होऊन नवी सुरू होते; मग 'व्हॅक्यूम-साइज' 200M (म्हणजे 200 एमबी). थेट व्हॅक्यूम केलं तर चालू फाइलला हातच लागत नाही, ते फक्त बंद झालेल्या जुन्या फायली काढतं. कायमच्या बंदोबस्तासाठी 'जर्नलडी' (जर्नल लिहिणारी सेवा) च्या कॉन्फ फाइलमध्ये 'सिस्टिममॅक्सयूज' पुढं 200M लिहा, ओळीआधीचं हॅशचं चिन्ह काढा (हेच विसरतं माणूस) आणि जर्नलडी रीस्टार्ट करा.

सिसलॉगसारखी (जर्नलबाहेरचा साध्या मजकुराचा लॉग) साधी फाइल फुगली असेल तर ती डिलीट करू नका. प्रोग्रामनं ती उघडी धरलेली असते. फाइल दिसेनाशी होते, जागा मात्र सुटत नाही. 'ट्रंकेट' कमांडनं तिचा आकार शून्यावर आणा.