पद्मिनीचं सस्पेन्शन सुधारताना: आधी लूज काढा, मग शॉकअप

प्रीमियर पद्मिनी खड्ड्यात आपटायला लागली की बहुतेक जण मागच्या कमानीत (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगेत) एक जादा पाटा टाकून घेतात. गाडी उंच दिसते, पण आपटणं थांबत नाही, आणि दोनच माणसं असतील तर मागची चाकं उडायला लागतात. पुढे वरखाली दोन आर्म (चाक धरणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमान पाटे, ही फियाटची मूळ मांडणी आपल्या रस्त्यांना आजही पुरते. ती बिघडते ती झिजेमुळे आणि मेलेल्या शॉकअपमुळे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे). म्हणून आधी किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) आणि बुश (सांध्यात बसणारी नळी), मग पाटे, मग शॉकअप. पुढच्या स्प्रिंगा शेवटी, त्याही गरज असेल तरच.

सुरुवात मापाने करा. सपाट फरशीवर गाडी लावून टायरमधली हवा सारखी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात १० मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर कमी मापाच्या बाजूची स्प्रिंग किंवा कमान बहुधा बसली आहे. कोपरा जोराने दाबून सोडला की गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली पाहिजे. झुलत राहिली तर शॉकअप संपला. मग पुढची बाजू उचलून चॅसीखाली घोड्या (स्टँड) लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (लूज) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. डावी-उजवीकडे हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा.

किंगपिनचं काम घाईत करून घेऊ नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बुश दाबून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारणारे चांगले कारागीर आहेत, पण दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघा. पहिली, वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने एका रेषेत झाला पाहिजे. वेगवेगळे मारले तर पिन तिरकी बसते आणि स्टिअरिंग जड होतं. दुसरी, बुशचं भोक ग्रीस निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. ते जरा फिरलं तरी निपलमधून मारलेलं ग्रीस पिनपर्यंत पोचत नाही, आणि नवी पिन काही महिन्यांत खाल्ली जाते. फिट कसा हवा? पिनला तेलाचा हात लावून अंगठ्याने दाबली की सरकावी, पण आपोआप खाली पडू नये.

आर्म आणि कमानीच्या डोळ्यातले बुश रबराचेच घाला. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण खडखडाट बॉडीत आणतात आणि कोरडे पडले की कुरकुरतात. घालायचेच तर अँटी-रोल बारला (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) घाला, तेही सिलिकॉन ग्रीस लावून. रबराला साधं ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त अडकवायचे. पूर्ण आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाटे पूर्ण सुटे करून घासा, सेंटर बोल्टच्या भोकाभोवती तडा आहे का ते बघा. तडा असलेल्या पाट्याला वेल्डिंग चालत नाही, तो बदला. कमान पुन्हा द्यायची ती थंड, ठोकून. गॅसने लाल केलेल्या पाट्याचं पाणी (टेम्पर) उतरतं आणि तो पुन्हा बसतो. जाड पाट्याच्या मोहात पडू नका: ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे ६ ऐवजी ७ मि.मी.चा पाटा एकटाच जवळपास ६० टक्के जास्त ताठ. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, यू-बोल्ट नवे घाला आणि २०० किमी चालल्यावर पुन्हा आवळा.

खरा फरक शॉकअपने पडतो. कमी दाबाचे, दोन नळ्यांचे गॅस शॉकअप या गाडीला शोभतात. दुकानदाराच्या ‘बसतंय’वर घेऊ नका. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअप वर-खाली जिथे बसतो त्या दोन माउंटिंगमधलं अंतर मोजा. शॉकअपच्या बंद आणि उघड्या लांबीच्या साधारण मधोमध ते यायला हवं. बंप रबर (आर्म किंवा अ‍ॅक्सल वर आपटू नये म्हणून लावलेलं रबर) पूर्ण दबलं तरी शॉकअपमध्ये १० मि.मी. तरी जागा उरली पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात त्याचं माउंटिंग तुटतं. बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा निघेल. बदलायचे ते जोडीनेच.

पुढची स्प्रिंग काढताना जीव धोक्यात असतो. दाबलेली कॉइल सुटली तर हाड मोडते. समोरासमोर दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर लावा, खालच्या आर्मखाली ट्रॉली जॅक ठेवा आणि हळूहळू उतरवा. स्प्रिंग कापू नका. जाड तारेची नवी करून घेणार असाल तर ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: तार १० टक्के जाड म्हणजे स्प्रिंग ४६ टक्के ताठ.

बॉडीला भोक पाडणं किंवा ब्रॅकेट वेल्ड करणं टाळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आडवं येतं, आणि ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर चॅसी-बॉडी मूळचीच लागते.

शेवटी चाकं लोंबकळत ठेवून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघा, मग वाघबीळवरून पन्हाळ्याला एक फेरी मारा. वळणात मागचा भाग उशिरा येत असेल तर यू-बोल्ट किंवा शॅकल (कमानीचं टोक बॉडीला जोडणारा झुलता दुवा) बुश तपासा. उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढत असेल तर टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) चुकलाय. अलाइनमेंट मात्र २०० किमीनंतर, स्प्रिंगा बसल्यावरच करा. पावसाळ्यात दर १००० किमीला किंगपिनला ग्रीस मारा, तेही वरून-खालून दोन्हीकडून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एकाच बाजूने येत असेल तर दुसरा बुश कोरडा चालतोय.