पोरांसाठी कॉमन किचन आणि अभ्यासिका एकाच फ्लॅटमध्ये कशी बसवायची

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ, एमपीएससी-यूपीएससीवाल्यांची ही सगळी वस्ती, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी पोरांचा ग्रुप किंवा घरमालकच एखादा थ्री बीएचके धरतो आणि राहणं, रांधणं, अभ्यासिका सगळं त्यातच बसवायला बघतो. मेसचं पातळ वरण खाऊन वैतागलेला माणूस कधी ना कधी या वाटेला येतोच. अशा जागांची कामं मी करून देतो, तर दहा-बारा जण धरून लिहितोय, जास्त असतील तर हिशोब वाढवून घ्या.

सगळे सुरुवात करतात शेगडीपासून. बर्नर किती, गॅस का इंडक्शन, चिमणी लावायची का. पण असं किचन बंद पडतं ते सिंकमुळे, शेगडीमुळे बंद पडलेलं मी तरी पाहिलं नाही. होतं काय, रात्री साडेआठ ते दहा सगळे एकदम येतात, कुकर रिकामा झाला की सिंकमध्ये, त्यावर कोणाची कढई, त्यावर ताटं, मग पुढच्याला साधा तांदूळ धुवायला जागा नाही म्हणून तो बेसिनमध्ये धुतो आणि बेसिन तुंबतं, आणि सकाळी "ही कढई कुणाची" वरून ग्रुपवर महाभारत. म्हणून दोन सिंक पाहिजेतच. एक मोठं, 24 बाय 18 इंच आणि निदान 9 इंच खोल, पाच लिटरचा कुकर आत आडवा करून घासता आला पाहिजे. दुसरं लहान, फक्त भाजी-तांदूळ धुवायला आणि पाणी भरायला. दोन्ही लांब लांब ठेवा, शेजारी-शेजारी लावले की दुसऱ्यातही खरकटं पडणारच, कितीही पाट्या लावा.

आणि ओल्या कचऱ्याची बादली सिंकच्या आधी हवी, म्हणजे ताट घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा बादलीपाशी पोचतो, मग सिंक, मग सिंकच्या बरोब्बर वर निथळायची जाळी म्हणजे पाणी सिंकमध्येच गळतं, मग मांडणी. हा क्रम उलटा झाला की शितं आणि कढीपत्ता थेट पाइपात. वेस्ट पाइप दीड इंची असतो, त्याचा दोन इंची करून घ्या आणि नाणी ट्रॅपची (जमिनीतलं पाणी जायच्या भोकाची) जाळी हाताने उचलता येईल अशी बसवायला सांगा, प्लंबर ती सिमेंटने पक्की करून टाकतात आणि मग छिन्नी-हातोडी घेऊन बसा. पाणी दिवसातून एकदाच येत असेल तर लहान सिंकजवळ पिंपाची जागा आधीच सोडा, नंतर ते पिंप हमखास दारात येतं.

ओटा 32 ते 34 इंच उंच, 2 फूट रुंद. समोरासमोर दोन ओटे असतील तर मधे 4 फूट मोकळे पाहिजेत, घरच्या किचनला 3 चालतात पण इथे एक जण वाकून खालची कढई काढत असतो आणि मागून दुसरा गरम कुकर घेऊन चाललेला असतो. एकावेळी तिघांना नीट रांधता येईल एवढं केलंत तरी पुरतं, बारा जणांच्या बारा शेगड्या लागत नाहीत, फक्त त्यासाठी मेनू आधी ठरवा. सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे वरण-भाताचा कुकर कॉमन, पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून, आणि भाजी किंवा अंडं ज्याचं त्याने. मेनू ठरला की ओटा आपोआप ठरतो.

ओट्याखाली शटर लावू नका. शटर म्हणजे झुरळांना फुकट पीजी. कडप्प्याचे उघडे कप्पे, प्रत्येकाला एक कप्पा, त्यात प्लॅस्टिकचा क्रेट, क्रेटवर नाव, फ्रीजमध्येही तसंच. मीठ, तेल, तिखट, हळद कॉमन आणि भिंतीवरच्या एकाच फळीवर. फ्रीजमधल्या डब्याला तारखेची चिकटपट्टी, तीन दिवस झाले की कोणीही फेकू शकतो, विचारायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशी केला तरच चालतो.

व्हेज-नॉनव्हेजचं आधीच बोलून घ्या, सोसायटीशी पण आणि आपसात पण. वेगळा तवा, वेगळी कढई, त्यांच्या मुठीला लाल टेप, विषय संपला. त्यापुढे जाऊन "यांनी इकडे रांधायचं नाही" सुरू झालं तर मी तरी ते काम घेत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत होती, आणि आपण शंभर वर्षांनी ओटा वाटायला बसायचं?

गॅसचं नीट समजून घ्या. स्वतःपुरतं रांधताय तर घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर ठीक, पण बाहेरच्यांना डबे विकायला लागलात की कमर्शियल 19 किलोचं लागतं आणि एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची सरकारी) नोंदणी पण. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली जमिनीलगत साठतो, म्हणून वरची खिडकी पुरत नाही, खालच्या अंगाला जाळी पाहिजे. वास आला तर 1906, गॅस गळतीचा हा हेल्पलाइन नंबर भिंतीवर रंगवूनच टाका. इंडक्शन घेणार असाल तर एक साधारण 2000 वॅटचं असतं, प्रत्येक इंडक्शनला वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट आणि वेगळी वायर, मल्टीप्लगवर दोन लावले की जळालाच. मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा, ओल्या हाताची पोरं असतात. दोन इंडक्शन, गिझर, फ्रीज मिळून 6-7 किलोवॅट होतात, बिलावर मंजूर भार किती आहे तो बघा आणि कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. जुन्या बिल्डिंगीत हे कोणी बघत नाही.

आता अभ्यासिका. किचन आणि अभ्यासिकेची भिंत एक नको, मधे हॉल किंवा पॅसेज येऊ दे. मिरचीची फोडणी पडली की आत अर्धी अभ्यासिका खोकत बसते. एक्झॉस्ट फॅन बाहेरच्या भिंतीलाच, बिल्डिंगच्या डक्टमध्ये (पाइपांच्या उभ्या बोळात) सोडला तर वरच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी दारात. मिक्सर अभ्यासिकेपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, खाली रबरी मॅट. आणि हॉलमध्ये एक मोठं टेबल ठेवाच, जेवायला आणि बडबडीला, कारण करंट अफेअर्सची चर्चा होणारच आहे, तिला जागा दिली नाही तर ती अभ्यासिकेत होते.

सीटला अडीच फूट रुंदी, दोन फूट खोली, टेबल 30 इंच उंच, टेबलावर दीड फुटाचं पार्टिशन. बरेच जण पैशासाठी पावणेदोन फुटाची सीट करतात, मग कोपराला कोपर आणि वर्षभर कुरबूर. प्रत्येक सीटला स्वतःचा दिवा, स्वतःचं बटण, एक सॉकेट. एसी लावून खोली गच्च बंद केली की दुपारी सगळे पेंगतात, बारा जणांच्या श्वासाने हवा जड होते, त्यामुळे वरचं एक झडप थोडं उघडं राहील असं बघा. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, साधा 75 वॅट खातो आणि हा 30 च्या आसपास, सहा पंखे आणि बारा एलईडी मिळून 300 वॅट, लाइट गेली तर इन्व्हर्टरच्या 150 एएचच्या बॅटरीवर चारेक तास निघतात.

तळघर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. 27 जुलै 2024 ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. गॅस पण खालीच साठतो हे वर सांगितलंच. वरच्या मजल्यावर असाल तरी गॅलरीच्या ग्रिलला आतून उघडणारी खिडकी पाहिजे आणि रात्री मेन दाराला बाहेरून कुलूप अजिबात नाही.

काम संपलं की कॉन्ट्रॅक्टरला लगेच पैसे देऊ नका. सगळे नळ एकदम सोडा, मोठं सिंक काठोकाठ भरून बूच काढा आणि नाणी ट्रॅपमधून पाणी वर येतं का बघा, दोन्ही इंडक्शन आणि गिझर एकत्र अर्धा तास चालवा, मग लाल मिरची-लसणाची सणसणीत फोडणी टाका आणि एकाला अभ्यासिकेत बसवा. तो खोकला नाही, तर शेवटचा हप्ता सोडा.