सातारा हिल हाफनंतर पाय जड झाले होते, ते असे सुटले

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना ठीक होतो. उतारावर मांड्या संपल्या आणि ठरवलेली वेळ हातची गेली. त्यानंतर सपाटीवरही तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला पाय जड. विश्रांती, नवे बूट, जास्त इंटरव्हल (थोडं वेगात, थोडं हळू असं आलटून-पालटून धावणं), कशानेच फरक नाही. फार वैताग आला.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघणं बंद. एक दिवसाआड 30 मिनिटं: 4 मिनिटं धावणं, 1 मिनिट चालणं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगात. ते सहज जमल्यावर चालणं काढलं.

मग मांड्या, आणि खरा फरक इथेच पडला. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच 3 सेकंदांत सावकाश खालच्या पायरीला टेकवायची. प्रत्येक पायाने 8 वेळा, 3 फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो, आणि ही सवय चढ चढून लागत नाही.

त्यानंतर पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या सौम्य उतारावर छोटी पावलं टाकत 200 मीटर धावणं, 4 वेळा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर पुढची खेप पुढे ढकलायची. लांब पल्ल्याची धाव सगळ्यात शेवटी वाढवली, आठवड्याला 10 मिनिटांनी. गुडघ्यात टोचत असेल तर मात्र आधी फिजिओला दाखवा.